यंदा दामल्यांचा नंबर

सोम. २१ फेब्रु. ९४

ऑपरेशनची लिस्ट लांबली. तीन हिप, एक हर्निया. चौघांनाही नीट झोपवलं, नीट उठवलं. भूलतज्ज्ञाचं काम तेवढंच, बाकीचं श्रेय सर्जनला.

आज पार्लमेंटात मतदान आहे. पुरुषा-पुरुषांना कायद्याने कितव्या वर्षी परवानगी, याचं. सध्या एकवीस. बाकी जगाला सोळा. बायका-बायकांचा तर कायद्यात उल्लेखच नाही, आम्ही त्यांच्या हिशेबी नाहीच. कॉफी रूममध्ये दुसरा विषय नव्हता. आमचे सर्जनसाहेब म्हणाले, आज वय मागतायत, उद्या लग्न मागतील. सगळे हसले. मीही हसले. अर्धवट, पण हसले. ते अर्धवट हसू दिवसभर तोंडात कडू लागत होतं.

घरी आले तर नि. इस्त्री करत होती. टीव्ही लावला, तिने बंद केला.

मंगळ. २२ फेब्रु.

सकाळच्या रेडिओवर निकाल. सोळा पडलं. अठरा मंजूर. म्हणजे तीन वर्षांची सूट, उपकार केल्यासारखी. बाहेर जमलेली मुलं चिडून दारावर धडका देत होती म्हणे.

मी म्हटलं, ज्यांचं काही बिघडत नाही त्यांनीच मतं द्यायची, हा कुठला न्याय?

नि. : "आपल्याला काय करायचंय त्याच्याशी? ते पोरांचं आहे."

"आज पोरांचं आहे."

"वसू, ट्राम चुकेल."

सहा वर्षांपूर्वी इथे मँचेस्टरात, शाळांमध्ये आमच्यासारख्यांचं नाव काढायला बंदी घालणाऱ्या कायद्याविरुद्ध केवढा मोर्चा निघाला होता. आम्ही दोघी समोरच्या फुटपाथवर, हातात भाजीच्या पिशव्या. बघत उभ्या राहिलो, आणि मग म्हणालो, चला, कोथिंबीर सुकेल. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहून ठेवते.

रवि. २७ फेब्रु.

मंडळाची कमिटी मीटिंग, अध्यक्ष डॉ. केळकरांकडे. पाडव्याचा कार्यक्रम, हॉलचं बुकिंग, श्रीखंडाला चक्का कुणी बांधायचा. मी चिटणीस, दहा वर्षं. इतिवृत्त लिहून लिहून अक्षर बिघडलं.

चहाच्या वेळी तोच विषय. केळकर म्हणाले, या देशाचं काही खरं नाही. त्यांच्या सौ., सुशीलावहिनी, म्हणाल्या, "आपल्यात नसतं बाई असलं काही."

त्या वेळी नि. त्यांच्या बशीत थालीपीठ वाढत होती. वहिनींनी मान वर करून विचारलं, "निर्मला, ही लसणाची चटणी कशी करतेस गं?" आणि नि.ने सांगितली. सुकं खोबरं किती, मिरची कुठली, सगळं.

मी वहीत लिहिलं, 'चहापानानंतर सभा संपली.' परतताना गाडीत नि. म्हणाली, कशाला मनाला लावून घेतेस, त्यांना कुठे माहीत आहे. मी म्हटलं, तेच तर.

अकरा वर्षं एका घरात. दारावर दोन नावं. पुण्यात माझ्या भावाला ती रूममेट, साताऱ्यात तिच्या आईला मी 'दामले डॉक्टर, फार सज्जन'. मंडळात आम्ही 'त्या दोघी'. 'त्या दोघींना सांगा, पुऱ्या तळतील.' आणि या वहीत, जी माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, तिला मी नि. लिहिते. भीती किती खोल असावी माणसाची.

गुरु. ३ मार्च

आज नंबराचं पत्र काढायचं होतं. दर मार्चला काढते.

मंडळाच्या गणपतीला पूजेला बसायचा मान एका जोडप्याला. सुरुवातीला यावरून भांडणं झाली, म्हणून ८४ साली मीच तोडगा काढला. सभासदांच्या रजिस्टरात नावं अकारविल्हे आहेत, त्या क्रमाने जायचं. मार्चमध्ये पत्र, म्हणजे लोकांना सोवळं, शालू, रजा, सगळ्याला वेळ मिळतो. पुण्याच्या एका गुरुजींकडून पूजेची कॅसेट भरून आणली आहे. ती लावायची नि सांगतील तसं करायचं.

आपटे, इनामदार, ओक, काळे, केळकर, खरे, गोखले, चितळे, जोशी. गेल्या वर्षी ठाकूर. सगळे धरून चाललेत, आता देसाई. अंजली देसाईने पुण्याहून पीतांबर मागवला असं ऐकलं.

रजिस्टर उघडलं. ठाकूर आणि देसाई यांच्यामध्ये माझ्याच अक्षरात: दामले. त्याच ओळीत, पत्ता तोच म्हणून, शिंदे. ८४ साली मीच लिहिलेलं. आपलं नाव आपण ओलांडून जायचं, हे मी तेव्हाच गृहीत धरलं होतं.

आणखी एक दिसलं. गोखले आणि चितळे यांच्यामध्ये गोडबोले. ९१ साली काकूंचा नंबर होता. आदल्या वर्षी काका गेले. मीच त्यांना फोन करून म्हटलं होतं, "काकू, जोडप्याचीच प्रथा आहे ना." त्या म्हणाल्या, "बरं." आणि प्रसादाचे एकशे एक मोदक त्यांनीच करून आणले. मी तीन खाल्ले होते.

मग छापील पत्र घेतलं. वर 'श्री. व सौ.' छापलेलं आहे, ते खोडलं. काळ्या शाईने लिहिलं: 'डॉ. वसुधा दामले व सिस्टर निर्मला शिंदे यांस. स. न. वि. वि. यंदा श्रींच्या पूजेचा मान क्रमाने आपल्याकडे येत आहे. तरी उभयतांनी' वगैरे. खाली सही, आपली नम्र, डॉ. वसुधा दामले, चिटणीस. मीच मला आदराने बोलावलं. हसू आलं.

प्रती कमिटीला. नियमाप्रमाणे. पेटीत टाकून आले.

नि.ला सांगितलेलं नाही. रविवारी सांगेन.

शनि. ५ मार्च

रविवार उजाडायच्या आत पोस्टमन उजाडला. मी ऑन-कॉल, ती घरी. परतले तर पत्र टेबलावर, कणकेच्या डब्याखाली सरळ करून ठेवलेलं.

ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मला विचारलंस?"

नाही.

"तू ठरवलंस आणि मला नोटीस पाठवलीस. फर्स्ट क्लासने."

मी म्हटलं, विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस.

"मग तेच माझं उत्तर होतं ना? माझी आई ब्याऐंशीची आहे, वसू. केळकरवहिनींच्या नणंदेचं सासर साताऱ्याचं. दोन दिवस लागतील कळायला. तुझा भाऊ पुण्यात, शिकलेला, नाक मुरडेल आणि गप्प बसेल. माझ्या भावाच्या पोरींची लग्नं व्हायची आहेत." आणि मग, अगदी शांतपणे: "त्या दिवशी रेडिओ ऐकून कुणावर चिडली होतीस? दुसऱ्यांचं आयुष्य त्यांना न विचारता ठरवणाऱ्यांवरच ना?"

मी पत्र उचलून रजिस्टरात ठेवलं.

रवि. ६ मार्च

केळकरांचा फोन, सकाळी नऊला.

"वसुधाताई, पत्रात काहीतरी क्लेरिकल एरर झालीय."

"एरर नाही. रजिस्टर बघा."

"तसं नव्हे हो. लुक, पर्सनली मला काही प्रॉब्लेम नाही. तुम्ही दोघी मैत्रिणी, एकत्र राहता, वुई ऑल रिस्पेक्ट यू. पण पूजेला कपल लागतं."

"आहोत ना."

मग म्हणाले, "हे तुम्ही फोनवर बोलायला नको होतं." जसं काही मी त्यांच्या दिवाणखान्यात चप्पल घालून शिरले.

अकरा वर्षांत पहिल्यांदा बोलले. दोन शब्द. फोन ठेवून वळले. नि. दारात होती. तिने ऐकलं होतं. वर निघून गेली.

बुध. ९ मार्च

नि. ईलिंगला गेली, मावसबहिणीकडे. दोन आठवड्यांची रजा. स्टेशनवर सोडायला येऊ नको म्हणाली. आली नाही परत तर? लिहूनच बघते: आली नाही परत तर, पूजा गेली उडत, मी हे घर कसं...

गेल्या वर्षी तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा फॉर्मवर नेक्स्ट ऑफ किन, म्हणजे सर्वांत जवळची नातेवाईक, म्हणून साताऱ्यातल्या आईचं नाव. पाच हजार मैलांवरची म्हातारी. मी 'फ्रेंड'. भेटीची वेळ संपली तेव्हा मला बाहेर काढलं. मी गाडीतून माझा पांढरा कोट आणला, घातला, आणि डॉक्टर म्हणून आत गेले. कुणी विचारलं नाही. ती ग्लानीत होती, तिला आठवतही नाही. मला आठवतं. या सगळ्याचं मूळ तिथे आहे, कॉफी रूममध्ये नाही. हे मी तिला सांगितलं पाहिजे होतं, पत्र टाकण्याआधी.

रवि. २० मार्च

गोडबोलेकाकू आल्या. दोन बस बदलून, अडुसष्टाव्या वर्षी, हातात डबा. आमटी-भात. बसल्या, चष्मा पुसला, म्हणाल्या, "सुशीलेचा फोन आला होता. तिला वाटलं मी चक्कर येऊन पडेन."

मी म्हटलं, काकू, तुम्हाला धक्का नाही बसला?

"अगं, तुम्ही दोघी मार्केटात वांग्यांवरून भांडता ना, तसं नवरा-बायकोशिवाय कुणी भांडत नाही. मला पाच-सहा वर्षांपूर्वीच कळलं होतं. म्हटलं, तुम्ही सांगाल तेव्हा ऐकू."

मग मी ९१ सालचं काढलं. रजिस्टर दाखवलं. माफी मागितली. त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं.

"बरं म्हणाले होते खरी. पण त्या दिवशी मोदक करताना रडत होते. पस्तीस वर्षं ह्यांच्या शेजारी बसले, आणि हे गेले तर मी पूजेलाही पुरी पडत नाही? आणि तुझं काय गं, स्वतः बाहेर बसून दुसरीला बाहेर बसवत होतीस."

खाली मान घालून ऐकलं. खोटं काय होतं त्यात.

जाताना म्हणाल्या, "माफी राहू दे. मला मत आहे ना मंडळात?"

गुरु. २४ मार्च

आली. बॅग खाली ठेवली, घर बघितलं, म्हणाली, तुळस मारलीस.

जेवून मग बोललो. मी पांढऱ्या कोटाचं सांगितलं. ती म्हणाली, "तू आली होतीस त्या रात्री? मला वाटलं स्वप्न." थोडी रडली. मी बरीच.

तिचं म्हणणं स्पष्ट आहे. ती पूजेला बसणार नाही. पण मी पत्र मागे घ्यायचं नाही. "आता घेतलंस तर आपलंच चुकलं असं होईल. मला बसायचं नाही, पण मला कुणी बसू न देणं वेगळं." मिडवाइफ आहे ती. अर्ध्यात थांबणं तिला येत नाही.

यापुढे वहीत पूर्ण नाव. निर्मला. निर्मला शिंदे, वय पन्नास, जन्म सातारा.

शनि. १६ जुलै

केळकरांचा ठराव आला: 'श्रींच्या पूजेचे यजमान विधिवत विवाहित दांपत्यच असावे.' ४ सप्टेंबरला खास सर्वसाधारण सभा. नोटीस काढायची चिटणिसाने. म्हणजे मी.

काढली. ठराव अक्षरशः, एक वेलांटी न चुकवता. चव्वेचाळीस पाकिटं, प्रत्येकावर पत्ता हाताने. निर्मलाने जीभ लावून बंद केली. म्हणाली, "आपल्याच विरुद्धची पत्रं चिकटवतोय, कमाल आहे." तिच्या तोंडून 'आपल्या' हा शब्द किती दिवसांनी ऐकला.

संध्याकाळी मिहीर देसाईचा फोन. अंजलीचा नवरा, बोल्टनला जन्मलेला, कंप्युटरमध्ये आहे. मला वाटलं पीतांबराचं काढणार. म्हणाला, "आंटी, यू शुड नो, माझी काही प्रॉब्लेम नाही. अंजली थोडा अपसेट आहे, कारण शॉपिंग झाला. पण नंबर इज नंबर." मुलाचं व्याकरण कधीच सुधारलं नाही, रविवारच्या मराठी वर्गात मीच शिकवलं होतं त्याला. आज दहापैकी दहा.

सगळेच असे नाहीत. दोन घरांनी पाडव्यापासून आमचा डबा घेणं बंद केलंय. वर्षानुवर्षं एकमेकांकडे जाणारे डबे. ओकांनी आमचा रिकामा परत केला, धुऊन, आत काही न घालता. रिकामा डबा कुणी परत करतं का? निर्मला त्या डब्याकडे बघत होती. मग तिने तो उचलला, चिवडा भरला आणि ओकांच्या दारात ठेवून आली. म्हणाली, "घ्या म्हणावं. आमच्यात रिकामा देत नाहीत."

रवि. १४ ऑगस्ट

निर्मलाने स्वतः साताऱ्याला फोन लावला. मला बाजूला बसवलं. केळकरवहिनींच्या नणंदेआधी माझ्या तोंडून जाऊ दे, म्हणाली.

आईंना ऐकू कमी येतं. निर्मला ओरडून ओरडून सांगत होती. "आई, मी आणि वसू. एकत्र. जोडीनं. पूजेचा नंबर आलाय." शेजारच्या मिसेस हडसनलाही ऐकू गेलं असेल, बरं की तिला मराठी येत नाही. पलीकडून बराच वेळ खरखर. मग आई म्हणाल्या (निर्मलाने फोन माझ्या कानाला लावला), "डॉक्टर बसत्यात न्हवं? मग झालं. हिला एक मंतर येत न्हाई. आन् हिला म्हनावं उपास धर, चहा पिऊन बसंल."

ठेवला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत. त्यांना कळलं का? निर्मला म्हणते, नाही कळलं. मग पाच मिनिटांनी म्हणते, कळलं असेल. मग: "वसू, ती कधीच 'झालं' म्हणत नाही गं."

रवि. ४ सप्टें.

सगळं लिहून ठेवते, कारण इतिवृत्तात हे येणार नाही.

लायब्ररीचा हॉल. अडतीस सभासद हजर, एवढे दिवाळीलाही येत नाहीत. निर्मलाची दिवसपाळी होती. ती येणार नाही असंच ठरलं होतं. केळकर उभे राहिले. सुरुवातीलाच म्हणाले, संबंधित व्यक्तींनी चर्चेच्या वेळी बाहेर थांबावं, डेकोरमला धरून.

मी पेन खाली ठेवलं. "मी बाहेर गेले तर इतिवृत्त कोण लिहिणार? तुमचं अक्षर तुम्हालाच लागत नाही."

चारदोन लोक हसले. ते बसले. मी बसूनच होते.

ओक बोलले: धर्म. ठाकूर बोलले: मुलांवर काय परिणाम. चितळेबाई म्हणाल्या, उद्या कुणीही येईल. मी प्रत्येकाचं लिहून घेत होते, नाव आणि वाक्य, दहा वर्षांच्या सवयीने. 'कुणीही' लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं. या चितळेबाईंच्या लेकीचं बाळंतपण निर्मलाने केलं आहे, सोळा तास उभी राहून.

मग मिहीर उठला. घाम फुटला होता. "मला वाटतो, आंटीची नंबर आहे, तर आंटीने बसायचा. इन पार्लमेंट पण असाच झाला. सगळ्यांना वाटला दुसऱ्याच्या लाइफवर वोट करू. आय थॉट हे मंडळ आपला घर आहे." आणि एकदम खाली बसला.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. निर्मला. निळा युनिफॉर्म, वर कोट, केस विस्कटलेले. पहिल्या रांगेपर्यंत चालत आली. मला वाटलं शेवटच्या खुर्चीवर बसेल. माझ्या टेबलाशी आली, दुसरी खुर्ची ओढली, माझ्या शेजारी बसली. चितळेबाईंकडे बघून म्हणाली, "नमस्कार. नात कशी आहे?"

बाई म्हणाल्या, "बरी आहे." हळू आवाजात.

गोडबोलेकाकू सगळ्यात शेवटी. काठी टेकत उभ्या राहिल्या. "एक्क्याण्णव साली माझा नंबर होता. मला कुणी मतदान करून वगळलं नाही. नुसतं वगळलं, आणि मी बरं म्हणाले. तुमचा ठराव पास झाला तर मी आयुष्यभर वगळलेली. माझे मोदक मात्र चालतात. तर सांगून ठेवते, या वर्षी मोदक मी केळकरांकडे पाठवणार नाही. त्यांच्याकडे पाठवीन." हात आमच्याकडे. "निकाल काहीही लागो."

मोदकांची धमकी कुणाला झेपणारी नव्हती. हॉलमध्ये खळबळ.

चिठ्ठ्या टाकून मतदान. मतं मोजायला मीच हवी, पण मी संबंधित, म्हणून जोशींनी मोजली. दोनदा. ठरावाच्या बाजूने एकोणीस. विरुद्ध एकोणीस, आम्हा दोघींची धरून.

अध्यक्षांनी एरवी मत द्यायचं नाही, समसमान झालं तर त्यांचं मत निर्णायक. ही घटना मीच लिहिली आहे, ८४ साली. केळकर चष्मा काढून बसून राहिले. सुशीलावहिनी त्यांच्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. शेवटी म्हणाले, "मला वेळ द्या. गुरुवारी संध्याकाळी कळवतो."

अकरा वर्षं, आणि एका माणसाच्या गुरुवारवर.

पण ट्राममध्ये निर्मला माझ्या शेजारी बसली होती, युनिफॉर्ममध्ये, आणि माझी पर्स तिच्या मांडीवर होती. मी विचारलं, का आलीस? म्हणाली, "पाच वाजता एक मुलगी जन्मली. तिचा बाप बाहेर उभा होता, त्याला कुणी विचारलं नाही तू कोण. मला राग आला."

मंगळ. ६ सप्टें.

केळकर हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये भेटले. बहुतेक मुद्दाम. म्हणाले, वसुधाताई, तुम्ही स्वतःहून नाही म्हटलंत तर सगळ्यांचीच सोय होईल. पुढल्या वर्षी आपण नियमाचं नीट बघू.

मी म्हटलं, डॉक्टर, गेली दहा वर्षं सगळ्यांची सोय मीच बघत आले. आता तुम्ही बघा. तुमचं मत आहे, तुम्ही द्या. आणि इतिवृत्तात जाईल, तारखेसह.

त्यांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नाही. निर्मलाच्या ऑपरेशनच्या वेळी सूप घेऊन आले होते ते. म्हणूनच जास्त राग येतो.

गुरु. ८ सप्टें.

उद्या चतुर्थी. आज दोघींनी रजा घेतली. सकाळी गोडबोलेकाकूंकडून निरोप: तांदळाची पिठी भिजवली, उद्या आठला तुमच्या दारात. दुपारी मिहीर आला, हातात पिशवी. पीतांबर. अंजलीने पाठवला. वर चिठ्ठी: 'कुणीतरी नेसा. कपाटात ठेवला तर मला रडू येतं.' निर्मला म्हणाली, तू नेस. मी म्हटलं, तू. वांग्यांसारखंच सुरू झालं. आता टेबलावर आहे, घडी न मोडता.

तिने अजून सांगितलेलं नाही, बसणार की नाही. मी विचारलेलं नाही. या खेपेला मी विचारणारच नव्हते, तिने सांगेपर्यंत.

साडेपाचला तिने आपणहून कॅसेट प्लेअर खाली आणला. दोन पाट मांडले, गालिच्यावर. म्हणाली, "रिहर्सल. मला एक मंत्र येत नाही, आई खोटं बोलत नाही."

लावली. गुरुजींचा आवाज, मागे पुण्यातल्या रिक्षाचा हॉर्न. आचमन केलं. निर्मलाने पाणी सांडलं. मग ते वाक्य आलं, दहा वर्षं दर गणपतीला ऐकलेलं: आता पत्नीने आपला उजवा हात पतीच्या उजव्या हाताला लावावा, आणि संकल्प होईपर्यंत काढू नये.

निर्मलाने बटण दाबून थांबवली. "कुणी कुणाला लावायचा?"

मी म्हटलं, तू सांग.

तिने विचार केला, बाळाचं डोकं कुठे आहे ते चाचपतात तसा. मग माझा हात उचलून तिच्या हातावर ठेवला. "तू लाव. मी बसतेय म्हणून. उद्या मी लावीन, तू बसतेयस म्हणून." आणि डाव्या हाताने बटण दाबलं.

संकल्प सुरू झाला. देश, काल, गोत्र. गुरुजींनी नाव घ्यायला जागा सोडली आहे टेपमध्ये, चार-पाच सेकंदांची. त्या जागेत ती म्हणाली, "निर्मला शिंदे." मी म्हटलं, "वसुधा दामले." खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी मोठ्याने.

आणि फोन वाजायला लागला.

सहा वाजले होते. केळकरच असणार, वेळेचे पक्के. मी उठायला लागले. निर्मलाने हात दाबून धरला.

"काढू नये, म्हणाले ना."

वाजून वाजून थांबला. टेप पुढे गेली, कलशपूजा, घंटापूजा. ती बाजू संपली. निर्मला उठली, चहा टाकायला गेली, उद्या उपास आहे म्हणाली, आज पिऊन घेऊ. मी वही घेतली.

आता परत वाजतोय. काय ठरवलं असेल त्यांनी? आतून निर्मला विचारतेय, "घेतेस का मी घेऊ?"

घ्यायचा तर आहेच. पण ते काहीही म्हणोत, उद्या दहाला मी आणि निर्मला त्या हॉलमध्ये पाटावर बसलेल्या असू, काकूंचे मोदक समोर, आणि उठवायचं असेल त्याने येऊन हात सोडवून दाखवावेत.

"थांब," मी म्हटलं. "दोघी घेऊ."